बंद पडलेला मुक्तस्रोत रणनीती खेळ पुन्हा उभा करताना : परवाना, बिल्ड, सिंक आणि माणसं

तटबंदी (धागाकर्ता)

वॉरझोन २१०० हा रिअल-टाइम रणनीती खेळ पम्पकिन स्टुडिओजने बनवला आणि आयडॉसने १९९९ मध्ये बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्याचा सपोर्ट बंद झाला. ६ डिसेंबर २००४ ला त्याचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला, तोही अर्धवटच. मधले व्हिडिओ आणि संगीत त्यात नव्हतं. त्यांची परवानगी स्पष्ट व्हायला १० जून २००८ उजाडला. या साडेतीन वर्षांत लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. विंडोजला बांधलेला कोड त्यांनी एसडीएल, ओपनजीएल आणि ओपनएएल या अनेक प्रणालींवर चालणाऱ्या चित्र-आवाजाच्या लायब्ररींवर आणला आणि व्हिडिओशिवायच आवृत्त्या काढत राहिले. २०२१ च्या ४.० आवृत्तीत व्हल्कन ही नवी ग्राफिक्स-यंत्रणासुद्धा आली. बंद पडलेला खेळ उठवायचा म्हणजे काय, याचं इतकं पूर्ण उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

असे बरेच खेळ आज अर्धवट पडलेले आहेत. कोड सोर्सफोर्ज या कोड ठेवण्याच्या जुन्या संकेतस्थळावर, शेवटची कमिट (नोंदवलेला बदल) दहा-बारा वर्षांपूर्वीची, संकेतस्थळाचं डोमेन गेलेलं, आणि नव्या मशीनवर कम्पाइल होत नाही. कुणी उत्साहाने हात घालतं ते बहुधा नव्या ग्राफिक्सपासून किंवा खेळातल्या नव्या पक्षापासून. दोन महिन्यांत ते थांबतं, कारण बाकी कुणालाच तो खेळ स्वतःच्या मशीनवर चालवून बघता येत नाही.

माझ्या मते पहिल्या आठवड्यात कोडला हात लावू नये. त्याआधी हे करावं:

जुना रेपो (कोडचा साठा) पूर्ण इतिहासासकट उतरवून घ्या. सोर्सफोर्जवरचा सबव्हर्जन या जुन्या पद्धतीचा रेपो आरसिंक या नक्कल-साधनाने जसाच्या तसा खाली येतो. तो मिळाला की आजच्या गिट पद्धतीत रूपांतर आपल्याच डिस्कवर करता येतं, सर्व्हरवर ताण येत नाही. रूपांतराच्या वेळी लेखकांची यादी बनवा, कुठल्या टोपणनावाचा माणूस कोण आणि त्याचा ईमेल काय. ही यादी पुढे परवान्याच्या वेळी लागतेच. बिटबकेट या संकेतस्थळावर मर्क्युरिअल या तिसऱ्या पद्धतीत असलेले प्रकल्प २०२० मध्ये ती सोय बंद झाल्यावर तिथून गेले. ते सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संग्रहात शोधा.

जुन्या बग-नोंदी, फोरमवरचे पॅच, विकीची पानं उतरवा. विकी बहुतेक वेळा कोडच्या आधी नाहीशी होते, आणि नकाशाच्या फाइलचा फॉरमॅट फक्त तिथेच लिहिलेला असतो.

जुन्या मेंटेनरना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) पत्र लिहा. "आम्ही फोर्क करतोय" (वेगळा फाटा काढतोय) असं न कळवता "रेपोत लिहिण्याची परवानगी द्याल का, डोमेन आणि लॉबी सर्व्हर कुणाकडे आहे" असं विचारा (लॉबी म्हणजे खेळाडू एकमेकांना शोधतात ती जागा). चार आठवडे वाट बघा. मूळ नाव आणि मूळ पत्ता मिळाला तर लिनक्स वितरणांतली पॅकेजं आपोआप तुमच्याकडे वळतात. नवं नाव घेतलं तर शून्यातून सुरुवात.

जाणकारांनी आपापल्या भागाबद्दल सविस्तर लिहावं ही विनंती.

---

सेमीकोलन
*आधी जुन्या डब्यात चालवा*

तटबंदी, चांगला धागा काढलात. बिल्डबद्दल, म्हणजे कोडपासून चालणारा खेळ बनवण्याबद्दल, लिहितो.

सरळ आजच्या जीसीसी या कम्पायलरने कम्पाइल करायला गेलात तर तीनशे चुका दिसतील. त्यातली कुठली जुनी आणि कुठली तुम्ही दुरुस्तीत घातलेली, हे कधीच कळणार नाही. म्हणून आधी कंटेनरमध्ये (संगणकातल्या वेगळ्या डब्यात) त्या काळातली डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवा. २०१४-१५ च्या कोडला डेबियन ८ बहुधा पुरते. ती आता डेबियनच्या जुन्या संग्रहातून घ्यावी लागते. तिथल्या सह्यांची मुदत संपलेली असल्याने पॅकेज मॅनेजरला मुदत तपासू नको, हा स्रोत विश्वासाचा धर, असं स्पष्ट सांगावं लागतं. तिथे जी बायनरी (चालवायची फाइल) तयार होईल ती तुमचा संदर्भ. पुढे काही बिघडलं की "मुळात कसं चालायचं" याचं उत्तर तिच्याकडून मिळतं.

मग पायरीपायरीने कम्पायलर वर न्या. कुठे काय फुटतं:

जीसीसी ६ पासून सी++ चं मूळ प्रमाण १४ झालं. जुन्या खेळांत रंगांचे किंवा फॉन्टचे तक्ते साध्या कॅरेक्टर प्रकारात २५५ पर्यंतचे आकडे भरून ठेवलेले असतात. आता महिरपी कंसातलं ते भरणं थेट चूक ठरतं. प्रकार अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेला) केला की काम होतं. इशारा दाबून टाकू नका, कारण लिनक्स चालणाऱ्या एआरएम प्रोसेसरवर साधा कॅरेक्टर अनसाइन्ड असतो आणि इंटेलवर साइन्ड. तोच कोड रास्पबेरी पायवर वेगळे आकडे देईल.

जीसीसी १० पासून सी भाषेत एकच ग्लोबल चल दोन फाइलींत जाहीर केलं तर लिंकर अडतो. हेडरमध्ये फक्त एक्सटर्न ठेवा आणि व्याख्या एका फाइलीत न्या.

सी++ १७ मध्ये जुना ऑटो पॉइंटर काढून टाकला आहे. त्याजागी युनिक पॉइंटर टाकताना कॉपी होणाऱ्या जागा एकेक बघा. तिथे मालकी हळूच दुसरीकडे जात असते आणि जुन्या कोडचं वागणं त्यावर बेतलेलं असतं.

एसडीएल १.२ वरून २ वर जाताना चित्र काढण्याचा सगळा कोड बदलायची गरज नाही. जुना ८-बिटी सरफेस तसाच ठेवा. फ्रेमच्या शेवटी पॅलेट लावून तो ३२-बिटी टेक्श्चरमध्ये ओता आणि रेंडररकडे द्या. त्याने खेळ दिसायला लागतो, हीच पहिली मजल. मोठं ग्राफिक्सचं काम नंतर. तेवढाही वेळ नसेल तर एसडीएल १.२ चा आभास देणारा सुसंगती-थर उपलब्ध आहे. तो तात्पुरता आधार म्हणून चांगला.

बिल्ड झाली की त्याच दिवशी ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर ही चुका पकडणारी साधनं लावून एक डाव संपूर्ण खेळा. न भरलेली चलं यांत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी व्हॅलग्राइंड वेगळं चालवा. हे टाळू नका, सिंकच्या (सगळ्या मशीनवर डाव सारखा चालण्याच्या) प्रश्नात तीच चलं पुन्हा समोर येतील.

आणि एक कळकळीचं सांगणं. "सगळं नव्या इंजिनवर नव्याने लिहू" हा निर्णय पहिल्या वर्षात घेऊ नका. अननोन होरायझन्स हा पायथनमधला, फाइफ इंजिनवरचा खेळ. गोडो इंजिनवर नेण्याचं काम सुरू झालं, आणि खेळाडूंच्या हातात राहिली ती २०१९ ची जुनी आवृत्ती. नवं लिहिताना जुनं चालू ठेवायला माणसं उरत नाहीत.

---

बारभाई
*परवाना*

कोडपेक्षा चित्रं आणि आवाज जास्त अडवतात. कोडच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर जीपीएलचा मजकूर असतो. चित्रांच्या फोल्डरात काहीच नसतं. एक तक्ता करा: फाइल, कुणी टाकली, कुठल्या कमिटमध्ये, मूळ कुठलं, परवाना कुठला. "मूळ कुठलं" हा रकाना रिकामा राहिला तर ती फाइल बदलायच्या यादीत. तलवारीचा खणखणाट, घोड्याच्या टापा, मेनूतला फॉन्ट या तीन ठिकाणी दुसऱ्या व्यापारी खेळातून किंवा "फुकट" संकेतस्थळावरून उचललेला माल हमखास निघतो.

"अव्यावसायिक वापरापुरतं" अशी अट असलेली चित्रं ठेवू नका. डेबियनच्या मुख्य संग्रहात असा खेळ बसत नाही, आणि तिथून बाहेर म्हणजे उबुंटूच्या मुक्त विभागांतूनही बाहेर.

नव्या कलाकारांकडून क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए (नाव द्या, त्याच अटींवर वाटा) हा परवाना घ्या. झिरो ए.डी. या मुक्त रणनीती खेळात कोड जीपीएल २ किंवा पुढचा आणि चित्र-संगीत बाय-एसए ३.०, असे दोन परवाने शेजारी नांदतात. बाय-एसए ४.० मधून जीपीएल ३ मध्ये जाता येतं, उलट नाही. तुमच्या कोडवर "फक्त आवृत्ती २" लिहिलं आहे की "२ किंवा पुढची", हे आजच बघा. "फक्त २" असेल तर पुढे अपाचे २.० परवान्याची लायब्ररीसुद्धा जोडता येणार नाही, आणि परवाना बदलायला प्रत्येक लेखकाची लेखी संमती लागेल. तटबंदींनी सांगितलेली लेखकांची यादी इथे उपयोगी पडते.

मूळ व्यापारी खेळाचा क्लोन असेल तर नाव आणि डेटा दोन्ही तपासा. वॉरक्राफ्टसारख्या फ्रीक्राफ्टला २००३ मध्ये वॉरक्राफ्टची कंपनी ब्लिझर्डकडून नोटीस आली आणि तो प्रकल्प त्या नावाने संपला. त्याचंच इंजिन पुढे स्ट्राटॅगस झालं. वॉरक्राफ्ट २ चा डेटा खेळाडूने आपल्या विकतच्या प्रतीतून काढायचा आणि स्ट्राटॅगसवर चालणाऱ्या वॉर्गसने तो वाचायचा, अशी विभागणी केली तेव्हा ते टिकलं. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक २ चं मुक्त इंजिन एफहिरोज २ सुद्धा हाच मार्ग घेतं. डेटा तुमच्या प्रतीचा किंवा डेमोचा, इंजिन मुक्त. बांधणीच्या यंत्रणेत चुकूनही मूळ डेटा अपलोड होऊ देऊ नका.

---

कोरा_कागद

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. मला कोड येत नाही, नकाशे आणि एककांची (सैनिक, तोफा वगैरेंची) चित्रं करता येतात. मराठ्यांचा पक्ष, गड, घोडदळ, गनिमी कावा असं काही घालता येईल का? की आधी बाकीचं होईपर्यंत थांबायचं?

---

तटबंदी

थांबू नका, मोड (खेळाला जोडायची सुटी भर) म्हणून वेगळ्या फोल्डरात सुरू करा. मूळ खेळात लगेच घालू नका, एवढंच. नवा पक्ष आला की संतुलन बिघडतं, आणि पहिल्या आवृत्तीत "खेळ जुन्यासारखाच चालतो" हे जुन्या खेळाडूंना दिसायला हवं.

काळही बघा. झिरो ए.डी.चा काळ इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन ५००. त्यात मौर्य आहेत, २०१३ च्या तेराव्या अल्फा (चाचणी) आवृत्तीचं नावच मगध होतं. तिथे मराठे बसणार नाहीत, सातवाहन मात्र चपखल बसतील. नाणेघाटाचा जकातनाका आणि पैठणची बाजारपेठ हे खेळात उतरवण्याजोगं आहे. बंदुका-तोफा असलेल्या खेळासाठी मराठ्यांचं काम करा. त्यात गडाची मांडणी मैदानी किल्ल्यासारखी करू नका. डोंगराचा उतार हाच तट, म्हणून चढणीवर वेग घटणं आणि वरून माऱ्याचा पल्ला वाढणं हे इंजिनमध्ये आहे का, ते आधी तपासा. नसेल तर गड नुसतं चित्र होऊन बसेल.

---

पाटपाणी
*सिंक*

मल्टिप्लेअरबद्दल. रिअल-टाइम रणनीती खेळ उठवताना सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा लांबण लावतो.

हजारभर सैनिकांची स्थिती नेटवर्कवरून पाठवत नाहीत. फक्त आज्ञा पाठवतात, आणि प्रत्येक मशीन स्वतः हिशेब करतं. झिरो ए.डी.मध्ये असा एक टर्न (हिशेबाची एक फेरी) २०० मिलिसेकंदांचा. सगळ्यांचा हिशेब शेवटच्या बिटपर्यंत सारखा आला पाहिजे. एका मशीनवर एक सैनिक अर्धा पिक्सेल पुढे गेला की त्याचा बाण लागतो, दुसऱ्या मशीनवर चुकतो. पाच मिनिटांनी दोघे दोन वेगळे डाव खेळत असतात.

कारणं साधारण ठरलेली आहेत.

अपूर्णांक. ३२-बिटी जुन्या बिल्डमध्ये प्रोसेसरचा जुना एक्स८७ भाग ८० बिटांत हिशेब करतो, ६४-बिटी बिल्डमध्ये नवा एसएसई २ वापरतात. उत्तर शेवटच्या अंकात वेगळं. शिवाय साइन, कोसाइन, घात यांची उत्तरं प्रत्येक प्रणालीच्या गणित-लायब्ररीनुसार बदलतात. झिरो ए.डी.च्या सी++ भागात जागा आणि अंतरं १५.१६ स्थिरबिंदूत (पूर्णांकाला १५ बिट, अपूर्णांकाला १६) ठेवतात. जावास्क्रिप्टमधली साइन, कोसाइन, घात वगैरे फंक्शनं त्यांनी स्वतः लिहून मूळची झाकून टाकली आहेत. वॉरझोनमध्ये वर्तुळाचे ६५,५३६ भाग धरून पूर्णांकांच्या तक्त्यातून साइन काढतात.

यादृच्छिक आकडे. मर्सेन ट्विस्टर हा असे आकडे काढणारा जनक सी++ च्या प्रमाणात ठरवून दिलेला आहे, तो सगळीकडे सारखा. त्याच्यापुढचं "१ ते ६ मध्ये आण" करणारं वितरण मात्र प्रत्येक लायब्ररीचं आपलं. ते स्वतः लिहा. चित्रातला धूर, पक्षी, आवाजाचा चढउतार यांना वेगळा जनक द्या. धुराने खेळाच्या जनकातून एक आकडा घेतला आणि दुसऱ्या खेळाडूचा कॅमेरा तिकडे नव्हता, की सिंक तुटलं.

आता एक ओळ जवळून बघा. नव्या झाडाची जागा ठरवताना जुन्या कोडमध्ये हमखास असतं: बिंदू(यादृच्छिक(), यादृच्छिक()). कुठला आकडा आधी काढायचा हे सी++ ठरवून देत नाही. क्लँग हा दुसरा कम्पायलर डावीकडून घेतो, जीसीसी बरेचदा उजवीकडून. मॅकवरच्या खेळाडूला झाड (१२, ४०) वर दिसतं, लिनक्सवाल्याला (४०, १२) वर. दोन्ही आकडे आधी दोन वेगळ्या ओळींत काढा आणि मग बिंदू बनवा. ही एकच गोष्ट पूर्ण कोडमध्ये शोधायला एक दिवस लागतो. तो दिवस काढाच.

क्रम. समान अंतरावरचे दोन शत्रू साध्या सॉर्टने कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. स्टेबल सॉर्ट वापरा किंवा बरोबरी झाली तर एककाचा क्रमांक बघा. अनऑर्डर्ड मॅपवरून फिरत निर्णय घेऊ नका. पॉइंटरच्या पत्त्यावर लावलेला क्रम तर प्रत्येक वेळी वेगळा.

लोकेल, म्हणजे मशीनची भाषा-प्रांताची मांडणी. जर्मन मांडणीच्या मशीनवर "१.५" वाचताना फाइल टिंबापाशी थांबते आणि १ येतो, कारण तिथे दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे. डेटा वाचताना लोकेल "सी" या मूळ मांडणीवर पक्कं करा.

शोधायचं कसं: प्रत्येक टर्नला सगळ्या स्थितीचा हॅश (ठशासारखा एक आकडा) काढून ताडा. फरक पडला की दोन्हीकडची स्थिती मजकूर म्हणून फाइलीत उतरवा आणि डिफ (दोन फाइलींतला फरक) घ्या. आज्ञांची नोंद ठेवलेली असेल तर तोच डाव पडद्याविना पुन्हा चालवता येतो. झिरो ए.डी.मध्ये ही सोय आहे. तिच्याबरोबर मधेच स्थिती साठवून परत वाचायची आणि मूळ हिशेबाशी ताडायची, अशी चाचणीही आहे. डाव चालू असताना उशिरा येऊन मिळणाऱ्याचं सिंक तुटतं ते बहुधा साठवताना राहून गेलेल्या एखाद्या चलामुळे. ही चाचणी तेच पकडते.

दहा जुने डाव नोंदवून ठेवा आणि प्रत्येक पॅचवर जीसीसी, क्लँग आणि व्हिज्युअल सी++ अशा तीन बिल्डवर फिरवा. शेवटचा हॅश तिन्हीकडे सारखा आला तरच पॅच आत.

---

सेमीकोलन

पाटपाणी यांच्याशी पूर्ण सहमत. भर म्हणून: वेगवान (पण कमी काटेकोर) गणिताचा कम्पायलर-पर्याय कुठल्या कोपऱ्यात चालू नाही ना, हे बिल्डच्या फाइलीत शोधा. जुन्या खेळांत तो "फ्रेम वाढाव्यात" म्हणून टाकलेला असतो.

---

घाटवाट
*जोडणी*

जुना लॉबी सर्व्हर बंद असेल आणि पत्ता कोडमध्येच कोरलेला असेल तर तो आधी सेटिंगमध्ये काढा. डोमेन दुसऱ्या कुणी घेतलेलं असलं तर जुन्या प्रती त्या परक्या सर्व्हरला जाऊन भिडतात.

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न: मोबाइल डेटावर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी असतो. त्यामुळे "राउटरवर पोर्ट उघडा" हा सल्ला चालत नाही. वेसनॉथ या मुक्त रणनीती खेळाला हा त्रास नाही, कारण सगळे मधल्या सर्व्हरलाच जोडले जातात (टीसीपी पोर्ट १५०००). फ्रीसिव्ह या खेळाचा सर्व्हर (पोर्ट ५५५६) स्वस्त भाड्याच्या मशीनवर कुणीही चालवू शकतं. झिरो ए.डी. यूडीपी पोर्ट २०५९५ वापरतो आणि स्टन या बाहेरचा पत्ता कळवणाऱ्या सेवेच्या मदतीने वाट काढतो, पण दोन्ही बाजूंना अशी सामायिक आयपी असली तर तीही वाट अडते. तेव्हा आपल्या खेळात आयपीव्ही६ ची सोय घाला, किंवा छोटा रिले (निरोप पुढे देणारा मधला सर्व्हर) ठेवा. आज्ञांचा भार किरकोळ असतो. जुनं नेटवर्किंग फक्त आयपीव्ही४ चं असेल तर आयपीव्ही६ चालणाऱ्या लायब्ररीवर जाताना पत्ता ४ बाइटांत साठवलेला कोड शोधून काढा.

---

मोडीलिपी
*मराठीकरण*

ज्यांना कोड येत नाही त्यांना पहिलं काम म्हणून भाषांतर देतात. देवनागरीच्या बाबतीत ते काम बरेचदा कोडपाशीच येऊन अडतं.

जुने खेळ एक अक्षर, एक चित्र अशा पद्धतीने फॉन्ट काढतात. "किल्ला" लिहिलं की क च्या पुढे सुटी वेलांटी, मग पाय मोडलेला ल, मग ला. हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी जोडल्याशिवाय हे सुटत नाही. एसडीएलच्या टीटीएफ या फॉन्ट-लायब्ररीत ते २.०.१८ पासून आलं. त्याआधीची आवृत्ती असेल तर कितीही चांगला फॉन्ट टाका, उपयोग नाही. वेसनॉथ पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी वापरतो, तिथे जोडाक्षरं नीट येतात. हार्फबझला भाषा मराठी आहे हेही कळवा. म्हणजे नोटो देवनागरीसारखा फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. चाचणीसाठी "दुसऱ्या तुकडीवर हल्ला, शत्रू पूर्वेकडून" एवढं वाक्य ठेवा. ऱ्य, ल्ल, श, त्रू, रफार सगळं त्यात आहे. बटणांची उंचीही तपासा. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या पट्टीत वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो.

आता मजकूर. मूळ वाक्य "अमुक तयार झालं" अशा अर्थाचं, आणि अमुकच्या जागी एककाचं नाव येतं. मराठीत सैनिक तयार झाला, तोफ तयार झाली, घोडदळ तयार झालं. "तोफ तयार झाला" असं दिसलं की खेळाडू भाषा बदलून इंग्रजी करतो. लिंगाप्रमाणे न बदलणारा शब्द घ्या: "तोफ सज्ज", "सैनिक सज्ज", "घोडदळ सज्ज". विभक्तीचंही तेच. "अमुक-वर हल्ला" असं जोडलं तर "किल्ला-वर" येईल, सामान्यरूप होणार नाही. "हल्ला: किल्ला" अशी मांडणी करा. तुकडे जोडून वाक्य बनवणारा कोड असेल तर त्याची बग-नोंद करा, आणि गेटटेक्स्ट या भाषांतराच्या यंत्रणेत पूर्ण वाक्य एका ओळीत मागा.

अनेकवचनाचा नियम दोन रूपांचा, एक आणि एक सोडून बाकी सगळे. "१ गाव", "० गावं", "५ गावं" तिन्ही पडद्यावर बघा.

---

कोरा_कागद

मोडीलिपी, "सज्ज" लक्षात ठेवते. नष्ट झालेल्या एककासाठी काय घ्यावं?

---

मोडीलिपी

"तोफ नष्ट", "सैनिक ठार", "गड पडला". इमारतींची यादी लहान असते, तिथे प्रत्येकीचं वेगळं पूर्ण वाक्य मागून घ्या. कोडमध्ये तेवढा बदल सोपा आहे.

---

बारभाई
*किल्ल्या आणि माणसं*

अजून आलं नाही म्हणून. डोमेन, रेपोची मालकी, लॉबी सर्व्हर, आवृत्तीवर सही करण्याची किल्ली, फ्लॅटहब या लिनक्स-ॲपच्या दुकानाचं खातं या प्रत्येकाला किमान दोन माणसं हवीत, दोन वेगळ्या गावांतली. एकाच माणसाकडे सगळं असलं आणि त्याचा संपर्क तुटला की प्रकल्प पुन्हा तिथेच.

पहिला पॅच पाठवणाऱ्याला तीन दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे, "बघतोय, रविवारी सांगतो" एवढं असलं तरी चालेल. महिनाभर पडून राहिलेला पॅच पाठवणारा परत येत नाही. हक्क लिहून देण्याचा करार मागू नका. प्रत्येक कमिटवर "हे माझं आहे आणि या परवान्याखाली देतो" अशी सहीची ओळ पुरते.

निर्णय चॅटवर झाला तरी रेपोतल्या फाइलीत चार ओळींत उतरवा. चॅटमधलं सहा महिन्यांनी सापडत नाही.

फाटे फुटू देऊ नका. ग्लेस्ट हा रणनीती खेळ थांबल्यावर ग्लेस्ट ॲडव्हान्स्ड इंजिन आणि मेगाग्लेस्ट असे दोन निघाले. आधीच थोडे असलेले खेळाडू त्यात विभागले गेले.

---

तटबंदी

खेळाडूंवरून एक राहिलं. लॉबी दिवसभर उघडी ठेवून उपयोग होत नाही. आलेला माणूस रिकामी यादी बघून जातो. आठवड्यातला एकच वार आणि तास ठरवा, समजा रविवारी रात्री ९ ते ११, भारतीय वेळ. युरोपात तेव्हा दुपार-संध्याकाळ असते, त्यामुळे तिकडचेही येतात. आठ जण एकाच तासाला आले की चार-चारचे डाव होतात आणि पाटपाणी यांना हव्या असलेल्या दहा नोंदी दोन आठवड्यांत जमतात. प्रत्येक डावानंतर नोंदीची फाइल, आवृत्ती आणि कुठली प्रणाली हे तिन्ही मागून घ्या. आवृत्ती कमिटच्या क्रमांकासह मुख्य मेनूतच छापा, म्हणजे विचारायलाही लागत नाही.